विजेच्या पेटीतली पुंगी

मुलचेरा तालुक्यात लग्नाची वरात निघाली की एक प्रसंग हमखास घडतो. धुमालवाला कीबोर्डवर बोटे ठेवतो, पुंगीची ती ओळखीची धून सुरू होते आणि वरातीतला एखादा काका खिशातला रुमाल काढून त्याचे टोक दातांत धरतो. तो झाला गारुडी. दुसरा दोन्ही तळहातांचा फणा डोक्यावर धरून धुळीत लोळण घेतो. तो झाला नाग. वऱ्हाडी मराठी असोत, गोंडी असोत, तेलुगू असोत की निर्वासित म्हणून येऊन इथेच रुजलेल्या बंगाली गावांतले असोत, हा नाच कुणाला शिकवावा लागत नाही.

खरी पुंगी त्या वरातीत नसते. गंमत अशी की मूळ धूनही नुसत्या पुंगीतून निघालेली नव्हती. १९५४ साली ती सिनेमात वाजली तेव्हा वाजवणारा माणूस गारुडी नव्हता. तो गिरगावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा होता आणि त्याच्या बोटांखाली विजेवर चालणारी एक परदेशी पेटी होती. आज जिला सिंथेसायझर म्हणतात, त्या वाद्याची ती थोरली बहीण. वाजवणाऱ्याचे नाव कल्याणजी वीरजी शहा, म्हणजेच पुढे गाजलेल्या ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडीतले थोरले. त्यांची गोष्ट संगीताची तर आहेच, पण घरोघरी साप निघणाऱ्या आपल्या मुलखात ती कानाची आणि समजुतीचीही आहे.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८चा, कच्छमधल्या कुंदरोडी गावचा. वडील वीरजी शहा पोटापाण्यासाठी मुंबईत आले आणि त्यांनी किराणा दुकान टाकले. धाकटे बंधू आनंदजी यांचा जन्म १९३३चा. दोघे भाऊ वाढले ते गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजारात. घराण्यात मागच्या पिढीत लोकसंगीताचा वारसा होता. पण रोजचा संबंध होता तो डाळ-तांदूळ, तराजू आणि उधारीच्या वहीशी. संगीत घरात आले तेही उधारीच्याच वाटेने. दुकानाचा एक गिऱ्हाईक बिल चुकवू शकत नव्हता. पैशांऐवजी त्याने दुकानदाराच्या मुलांना गाणे-बजावणे शिकवायचे ठरले. तो गुरू फार मोठा नव्हता, असे पुढे भाऊ हसत सांगत. पण सुरांची गोडी लागली ती तिथेच. थट्टामस्करी हा कल्याणजींचा जन्मभराचा स्वभाव राहिला.

त्या काळात हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठा होत चालला होता. व्हायोलिन, क्लॅरिनेट, अॅकॉर्डियन, ट्रम्पेट अशी वाद्ये मुंबईच्या स्टुडिओत रोजची झाली होती. ती वाजवणारे गोव्याचे आणि पारशी वादक तयारीचे होते. त्यांच्या रांगेत जागा मिळवायची तर काहीतरी वेगळे हवे. कल्याणजींच्या हाती असे वेगळे वाद्य लागले. त्याचे नाव क्लॅव्हिओलिन. हे वाद्य आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

क्लॅव्हिओलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन या तंत्रज्ञाने तयार केले. पुढे इंग्लंडमध्ये सेल्मर आणि अमेरिकेत गिब्सन या कंपन्यांनीही ते बनवले. दिसायला ते अगदी साधे. तीन सप्तकांची छोटी पट्टी आणि तिच्यासमोर ओळीने लावलेल्या कळा. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची एक दांडी. वेगळ्या खोक्यात ध्वनिवर्धक आणि स्पीकर. एका वेळी एकच सूर वाजतो, दोन पट्ट्या एकत्र दाबून उपयोग नाही. आपल्या हार्मोनियमला भाता असतो आणि पितळी पत्त्या थरथरून सूर निघतो. इथे ना भाता, ना पत्ती. आत रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह.

या व्हॉल्व्हचे काम समजायला सोपे आहे. विजेचा दिवा कुणी भराभर चालू-बंद करतो आहे असे समजा. तेच चालू-बंद होणे सेकंदाला काहीशे वेळा झाले आणि तो प्रवाह स्पीकरला दिला, तर त्याचा पडदा तितक्याच वेळा थरथरेल आणि कानाला सूर ऐकू येईल. सेकंदाला २४० वेळा झाले तर एक सूर, ४८० वेळा झाले तर त्याच्याच वरच्या सप्तकातला. मात्र असा झटक्याने चालू-बंद होणारा प्रवाह बासरीसारखा गुळगुळीत आवाज देत नाही. त्यात मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले कितीतरी उपस्वर मिसळलेले असतात. आवाज धारदार, किंचित भुणभुणणारा येतो. समोरच्या कळांनी त्यातले काही उपस्वर गाळता येतात, काही ठेवता येतात. एका कळीने सुराला कंप देता येतो. सूर निर्माण करणे, तो गाळून त्याचा पोत बदलणे आणि आवाजाला आकार देणे ही तीन कामे आजचा लाखमोलाचा सिंथेसायझरही करतो. क्लॅव्हिओलिन ती ओबडधोबड रीतीने करत होते, एवढाच फरक.

आता पुंगी पाहू. भोपळ्यात दोन नळ्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक नळीत एक जिभली. एका नळीतून धून निघते, दुसरीतून सतत एकच सूर. गारुडी गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो, भोपळ्यात हवा साठलेली असते, त्यामुळे आवाज तुटत नाही. आवाजही तसाच: धारदार, भुणभुणणारा, कंप असलेला आणि न थांबणारा. क्लॅव्हिओलिनला तर श्वास घ्यावाच लागत नाही. पट्टी दाबून ठेवली की वीज असेपर्यंत सूर चालू. फ्रान्समध्ये बनलेल्या पेटीत पुंगी दडलेली आहे, हे कल्याणजींच्या कानाने ओळखले.

१९५४ साली फिल्मिस्तानचा ‘नागिन’ आला. नायिका वैजयंतीमाला, नायक प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमार यांचे, गाणी लता मंगेशकर यांची. कथेतली दोन भांडणारी माणसे गारुडी जमातींची, त्यामुळे पुंगी हे चित्रपटाचे मुख्य वाद्य. खऱ्या पुंगीचा पल्ला मात्र आखूड. संगीतकाराला हवी तशी वळणे, हव्या त्या पट्टीत, तिच्यातून काढणे अवघड. हा प्रश्न क्लॅव्हिओलिनने सोडवला. कल्याणजी त्या पेटीवर आणि हेमंतकुमारांचे सहायक रवी हार्मोनियमवर, अशा दोघांच्या मेळातून पडद्यावरची पुंगी उभी राहिली. पडद्यावर भोपळा ओठांना लावलेला दिसत होता, आवाज मात्र व्हॉल्व्हचा आणि पत्त्यांचा होता. चित्रपट तुफान चालला, हेमंतकुमारांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि ती धून देशभर पसरली.

ऐकणाऱ्यांना फसवले गेल्याची शंकासुद्धा आली नाही. याचे कारण आपल्या कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यातल्या पडद्याचा एक भाग उंच सुरांना थरथरतो, तर दुसरा खालच्या सुरांना. तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी त्या थरथरीचे विजेच्या संदेशांत रूपांतर करून मेंदूकडे पाठवतात. म्हणजे कान आलेला आवाज सुटा करून त्यातले घटक मेंदूला कळवतो. कोणता उपस्वर किती जोरात, सूर कसा सुरू झाला, कंप किती, यावरून मेंदू वाद्य ओळखतो. वाद्य लाकडाचे, भोपळ्याचे की विजेचे, याची त्याला फिकीर नसते. घटक जुळले की मेंदू पुंगी म्हणून मोकळा होतो. डोळ्यांना गारुडी दिसत असेल तर काम आणखी सोपे. सिंथेसायझर नावाच्या वाद्याचा सगळा डोलारा मेंदूच्या याच सवयीवर उभा आहे.

त्या दिवसांत एक अफवा गावोगाव फिरत होती. ‘नागिन’ चालू असताना पुंगी वाजली की थिएटरात साप शिरतात. अफवा खरी वाटावी इतका त्या आवाजाचा प्रभाव होता. पण ज्याच्यासाठी ही सगळी पुंगी, त्या सापाच्या कानाचे काय?

सापाला बाहेरचा कान नसतो आणि कानाचा पडदाही नसतो. आतला कान मात्र असतो. त्याला जोडलेले बारीक हाड जबड्याच्या हाडाशी जुळलेले असते. जबडा जमिनीला टेकलेला असला की जमिनीतली थरथर त्या वाटेने थेट आतल्या कानात पोचते. हवेतले आवाज त्याला अजिबात कळत नाहीत, असे पूर्वी शिकवले जाई. ते आता दुरुस्त करावे लागते. हवेतले खालच्या पट्टीतले आवाज, साधारण ८० ते ६०० हर्ट्झपर्यंतचे, सापाला जाणवतात. २०२३ साली ऑस्ट्रेलियात बंद खोलीत सापांना असे खालचे आवाज ऐकवून पाहिले, तेव्हा एका जातीचे अजगर आवाजाकडे सरकले, तर अनेक विषारी साप दूर गेले. माणसाचा कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पुंगीला पुंगीपण देणारे बहुतेक उपस्वर सापाच्या मर्यादेपलीकडचे. आपल्याला डोलायला लावणारी धून त्याच्यापर्यंत धून म्हणून पोचतच नाही.

मग गारुड्यापुढे नाग डोलतो कसा? टोपलीचे झाकण उघडले की नाग उजेडात येतो, समोर धोका दिसतो म्हणून फणा काढतो. गारुडी पुंगी डावी-उजवी हलवतो आणि नाग त्या हलत्या टोकावर नजर ठेवून आपले डोके तसेच हलवतो. ते डोलणे म्हणजे सावध पवित्रा. पुंगी न वाजवता नुसती मूठ हलवली तरी तो तेच करतो. बऱ्याचदा त्याचे दात काढलेले असतात. असा नाग नीट खाऊ शकत नाही आणि थोड्याच दिवसांत मरतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरवला. गारुडी कमी झाले, नागपंचमीच्या टोपल्या कमी झाल्या, पण कल्याणजींच्या पेटीतली पुंगी राहिली. ज्या मुलांनी जन्मात गारुडी पाहिला नाही, त्यांनाही ती पाठ आहे.

कल्याणजी त्या एका धुनेवर थांबले नाहीत. ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ नावाचा त्यांचा वाद्यवृंद मुंबईत आणि बाहेरगावी कार्यक्रम करू लागला. १९५०चे दशक संपता संपता ते स्वतंत्र संगीतकार झाले. १९५९च्या ‘सट्टा बाजार’ आणि ‘मदारी’पासून आनंदजींचे नाव त्यांच्या नावाला जोडले गेले ते कायमचे. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल हे दोघे पुढे स्वतःची जोडी करून गाजले. त्याआधी ते याच भावांचे सहायक होते. ‘छलिया’, ‘जब जब फूल खिले’, ‘हिमालय की गोद में’, ‘उपकार’ अशी यादी वाढत गेली. १९६८च्या ‘सरस्वतीचंद्र’साठी संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९७४च्या ‘कोरा कागज’साठी फिल्मफेअर. १९७८च्या ‘डॉन’मध्ये त्यांनी अगदी नव्या ढंगाचे, पाश्चात्त्य वळणाचे पार्श्वसंगीत दिले. १९९२ साली दोघा भावांना पद्मश्री मिळाली.

या काळात विजेची वाद्ये झपाट्याने बदलली. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४च्या सुमारास आपला सिंथेसायझर तयार केला. व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. १९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणात आणला. १९८२ साली चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांना जोडून दहा राग वाजवले. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभर तिची चर्चा झाली. कल्याणजींच्या घरातही ही वाट चालू राहिली. धाकटे बंधू बाबला यांनी दांडियाच्या ठेक्याला डिस्कोची जोड दिली. मुलगा विजू शहा तर सिंथेसायझरचाच माणूस. ‘त्रिदेव’, ‘मोहरा’, ‘गुप्त’ या १९८९ ते १९९७ दरम्यानच्या चित्रपटांतला तो तेव्हाचा नवा आवाज त्यांच्या बोटांमधला.

जुनी विजेची वाद्ये गोळा करणारा एक वेगळाच वर्ग आता जगभर आहे. क्लॅव्हिओलिन ही त्यांच्या लेखी मानाची वस्तू. १९६२चे ‘टेलस्टार’ हे इंग्लंडमधले वाद्यसंगीत त्याच पेटीवर गाजले, बीटल्सनीही १९६७ साली ती वापरली. संग्राहकांची अडचण अशी की पट्टी एकीकडे सापडते आणि ध्वनिवर्धकाचे खोके दुसरीकडे. आणि खोक्यातून वीज मिळाल्याशिवाय पट्टी मुकी. आतले कंडेन्सर सुकलेले असतात. ते न बदलता पेटी विजेला लावली तर धूर निघतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे जुना रेडिओ उघडताना रिपेअरवाला जी काळजी घेतो, ती इथेही घ्यावी लागते. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सूर थोडा सरकत राहतो. संग्राहकांना हा दोषच गोड वाटतो. आजच्या कीबोर्डमध्ये पुंगी एका बटणावर मिळते, ती कधी बेसूर होत नाही. मुलचेऱ्याच्या वरातीत वाजते ती हीच. जुन्या पेटीची ही नात आता कुणाच्याही खांद्यावर मावते आणि धुमालच्या गाडीवर पावसा-उन्हात टिकते.

उतारवयात कल्याणजींनी लहान मुलांना गाणे शिकवण्यात जीव ओतला. ‘लिटल वंडर्स’ नावाचा त्यांचा बालकलाकारांचा मेळा होता. सुनिधी चौहान त्यातूनच पुढे आली. उधारीच्या बदल्यात शिकायला बसलेल्या मुलाने शेवटी असे शिकवणे परत केले. २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत वयाच्या ७२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पुंगी वाजवली ती माणसांसाठी. माणसे डोलली. साप डोलतो असे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. ती समजूत त्यांच्या कितीतरी आधीची. पण पुंगीला साप वश होतो हे ज्या मनाला पटते, त्या मनाला मंत्राने विष उतरते हेही पटते. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: आवाजाला साप मानतो. वरातीत ही कल्पना निरुपद्रवी असते. पावसाळ्यातल्या रात्री ती जीव घेते.

धानाच्या रोवणीचे दिवस. मुलचेऱ्याच्या परिसरात माणसे दिवसभर चिखलात वाकलेली. संध्याकाळी जेवून घरात खाली अंथरूण टाकून झोपलेली. मण्यार निघते ती रात्री, उंदीर-सरडे शोधत. तिचे दात इतके बारीक की चावल्याचे अनेकदा कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोर पोटात दुखते म्हणून रडत उठते, घसा दुखतो म्हणते, मग पापण्या जड होतात. घरातल्यांना वाटते झोप आहे. नंतर कुणीतरी सापाचे नाव काढते आणि आधी पुजाऱ्याकडे, वैदूकडे धाव घेतली जाते. बंगाली घरांत मनसादेवीचा नवस, गोंडी घरांत आपल्या देवाची विनवणी. मंत्र म्हणणारा माणूस वाईट नसतो. तो रात्रभर जागतो, बहुधा पैसेही मागत नाही. आणि त्याचे कितीतरी रुग्ण खरोखरच बरे होतात. कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. जो वाचणारच होता तो मंत्राने वाचला असे दिसते. ज्याला खरोखर विष चढले आहे त्याचे तास मात्र त्या अंगणात संपत असतात.

विषाला आवाज कळत नाही. नागाचे आणि मण्यारीचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप अडवते. पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडेही बंद पडतात. यावर उपाय एकच, प्रतिसर्पविष. घोड्यांना विषाच्या अगदी थोड्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये त्यात असतात. ज्या मुंबईत कल्याणजींनी ती धून वाजवली, त्याच मुंबईतल्या परळची हाफकिन संस्था या औषधासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. वर सांगितलेल्या चारही सापांवर एकच औषध चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. ते शिरेतून, सलाईनमधून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. रक्त गोठते की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष चढले आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आपल्याकडे २०२४ साली जाहीर झाला. आराखड्यातले औषध दवाखान्यापर्यंत पोचते. दवाखान्यापर्यंत माणूस पोचायचा असतो, आणि मध्ये नाला भरून वाहत असेल तर प्रत्येक तास मोलाचा.

म्हणून साप चावल्यावर करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. माणसाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, पैंजण, करदोडा काढावा. हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवावा. दोरीने करकचून आवळू नये. जखम कापू नये, चोखू नये. त्याला चालवू नये. १०८ला फोन करावा. गाडीला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. पहाटे अचानक पोटात दुखून पापण्या जड झालेल्या माणसाला, दाताची खूण दिसत नसली तरी, मण्यार चावली असे धरून चालावे. देवाला नवस करायचा असेल तो गाडीत बसून करता येतो. खाटेवर झोपावे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

येत्या लग्नसराईतही ती धून वाजेल आणि रुमाल दातांत धरले जातील. खुशाल नाचावे, कल्याणजींची ती पेटी त्यासाठीच होती. वरात संपल्यावर अंधारातून गावाकडे परतताना मात्र हातात बॅटरी असावी आणि काठी जमिनीवर आपटत, पाय दाबून टाकत चालावे. पुंगीची धून सापापर्यंत पोचत नाही. जमिनीवरून येणारी ती थरथर पोचते, आणि तो बहुधा आपणहून वाट सोडतो.